बिनतिथीचे कॅलेंडर

चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत सहा खोल्या होत्या. पाचवी माझी, सहावी त्यांची. सहावीच्या दारावर काळी लाकडी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढेच लिहिले होते: ‘पैसे मिळवायचे आहेत, हे मला माहीत आहे. दुसरे काही कारण असेल तर दार वाजवा.’ खाली नाव नव्हते. आत काय चालते हेही लिहिलेले नव्हते.

पाटी वाचून बरेच लोक तिथूनच परत जात. ज्यांना वाचता येत नसे ते दार वाजवत, आणि त्यांचेच काम बहुधा पुढे सरके.

पन्नासचे दशक अर्धे सरले होते. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेने शेतांना तारांची कुंपणे पडू लागली होती. पिंपरीच्या बाजूने सकाळी भोंगा ऐकू येई. आसपासच्या गावांत ज्याच्या हाताला काही कसब होते, त्याला वाटू लागले होते की आपणही या कारखान्यांसाठी काही करू शकतो. काय करायचे, कसे सुरू करायचे, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. अशी माणसे सहाव्या खोलीत येत. या कामाला आता मोठी नावे आली आहेत. तेव्हा लोक त्यांना नुसते मास्तर म्हणत. ते कधीही कोणत्याही शाळेत मास्तर नव्हते.

युद्धाच्या काळात ते एका लष्करी वर्कशॉपमध्ये टाइमकीपर होते. नोकरी कशी सुटली याची हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली. कामगारांचा पाणी पिण्यात किती वेळ जातो ते मोजा, असा हुकूम वरून आला. मास्तरांनी आठवडाभर साहेबाच्या चहाचा वेळ मोजला आणि तो तक्ता वर पाठवला. त्यानंतर त्यांना वर्कशॉपात कोणी ठेवणार नव्हते. स्टॉपवॉच त्यांचे स्वतःचे होते. ते गळ्यात अडकवून ते घरी आले आणि पुढे मी पाहिले तेव्हाही ते गळ्यातच होते, सदऱ्याच्या आत, जानव्यासारखे. जानवे मात्र नव्हते.

खोलीत एक लाकडी खुर्ची होती. ती दाराच्या आत, उंबऱ्याला लागून असे आणि तीत ते बसत. येणाऱ्याने सतरंजीवर बसायचे. घरमालक येवो, पोलीसपाटील येवो, ते उठत नसत. माणूस दारात उभा असताना ते खुर्चीतून उठले, असे मी दोनदाच पाहिले.

पहिल्या वेळी दारात पिंपरीच्या निर्वासित छावणीतल्या एक सिंधी बाई होत्या. डोक्यावर पापडांची टोपली होती. त्या पापड विकायला आल्या होत्या, सल्ला मागायला नव्हे. मास्तरांनी सवयीने आपला प्रश्न टाकला, हा धंदा तुम्ही का करता? बाईंना आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर त्यांनी टोपली खाली ठेवली आणि विचारले, “साईं, तुम सांस क्यों लेते हो?” मास्तर उठले. त्यांनी हात जोडले आणि तुम्हाला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही नाही, असे सांगितले. पापड मात्र घेतले नाहीत. त्यांना दात कमी होते.

त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांत कोणाला सूट नव्हती. आलेल्या माणसाने आपले रडगाणे तीन मिनिटांत संपवायचे. स्टॉपवॉचचा खटका वाजला की वाक्य अर्धे असले तरी थांबायचे. चूक झाली असेल तर ती तीन वाक्यांत सांगायची: काय झाले, कोणी केले, आता काय. चौथे वाक्य आले की ते कान झाकून घेत. आणि त्या खोलीत ‘बघू’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. “बघू उंबऱ्याबाहेर, चपलांबरोबर,” असे ते म्हणत. कोणाच्या तोंडून तो निसटला तर त्याने उठून बाहेर जायचे, चपला घालायच्या, काढायच्या आणि पुन्हा आत यायचे. एकदा एका मोठ्या बागायतदाराला त्यांनी अशा चार फेऱ्या घालायला लावल्या. पाचव्या वेळी तो आत आलाच नाही. मास्तर म्हणाले की माणूस प्रामाणिक आहे, त्याला धंदा करायचाच नव्हता.

मीही सुटलो नाही. मी पुण्याच्या एका दैनिकासाठी या भागातल्या बातम्या पाठवत असे. बातम्या का लिहितोस, असे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले. मी म्हणालो, नोकरी आहे. त्यांनी मला पाटी पुन्हा वाचायला बाहेर पाठवले.

त्यांच्या सल्ल्याने सगळ्यांचे भले झाले असे लिहिणे खोटे ठरेल. सायकलदुरुस्तीचे दुकान काढलेला एक जण पावसाळा संपायच्या आत गावी परत गेला. पण काळेवाडीच्या एकाला कारखान्याच्या फाटकासमोर चहाचे हॉटेल काढायचे होते, त्याची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. मास्तरांनी त्याला सांगितले की सात दिवस फाटकासमोर नुसता उभा राहा, काही विकू नकोस. सात दिवसांनी तो आला आणि म्हणाला की शिफ्ट सुटल्यावर माणसे गाडी पकडायला पळतात, चहाला कोणी थांबत नाही. चहा हवा असतो तो शिफ्टला आत जाण्याआधी. त्याने पहाटे उघडणारे आणि दुपारी बंद होणारे हॉटेल काढले. लोक हसले. हॉटेल चालले.

आता कॅलेंडर. छापील कॅलेंडरांवर त्यांचा राग होता. प्रत्येक चौकोनात तिथी, नक्षत्र, एकादशी, चतुर्थी. माणसाने काम लिहायचे कुठे, असा त्यांचा सवाल होता. मी त्यांना वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाची भेंडोळी आणून देई. त्यावर ते पट्टीने चौकोन आखत आणि त्यांत फक्त आकडे घालत. चौकोनात त्या दिवसाचे एकच काम लिहायचे. दोन लिहिली तर एक खोटे असते, असे त्यांचे म्हणणे. चाळीत याला बिनतिथीचे कॅलेंडर म्हणत. शेजारच्या काकू एकदा त्यांना म्हणाल्या की अहो, निदान चतुर्थी तरी घाला, चिंचवडात राहता तुम्ही. मास्तरांनी उत्तर दिले, “तिथी हे चंद्राचं काम आहे, काकू. तो ते वेळेवर करतो. माझ्याकडे येतात ती माणसं करत नाहीत.”

हे वाक्य त्यांना आवडत असे. ते मी बऱ्याच वेळा ऐकले. पुढे एका वैशाखानंतर ते पुन्हा कधी ऐकले नाही.

त्या वैशाखात चिखलीहून हौसा नावाची बाई आली. तिशीची असेल. नवरा किसन सुतार. कित्येक पिढ्या गावचे सुतारकाम त्यांच्याकडे. शेतकऱ्याने औत, पाभर, गाडीचे चाक आणून टाकायचे, सुताराने दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य, म्हणजे बलुते, घ्यायचे. किसनचा हात गावात नावाजलेला होता. पण तो कोणाला नाही म्हणू शकत नसे. पिंपरीच्या एका नव्या कारखान्याने त्याला साठ लाकडी खोक्यांचे काम नमुन्यादाखल देऊ केले होते. दिवस ठरलेला होता. वेळेवर दिली तर पुढचे काम मिळणार, नाहीतर दुसरा सुतार बघणार.

तिला पाटी वाचता येत नव्हती. मास्तरांनी विचारले, धंदा कशासाठी करायचा? हौसाने थोडा वेळ घेतला. खटका वाजायला अवकाश होता.

“दारात कुनीबी हुबं राहिलं की आमचा मालक बसल्या जागचा उठतो,” ती म्हणाली. “हातात रंधा असंल तर रंधा ठिवून उठतो. जेवत असंल तर ताटावरनं. माझा सासराबी आसाच उठायचा. मास्तर, त्यो उठू नये, यासाठी करायचा.”

मास्तरांनी स्टॉपवॉच बंद करून सदऱ्यात टाकले. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलींवर चिखलीला गेलो.

त्यांनी तिथे बसून तेरा चौकोनांचा कागद केला. लाकूड चिरणे, फळ्या रंधणे, बाजू जोडणे, तळ ठोकणे, असे एकेक. बाराव्या दिवशी साठही झाकणे करायची. तेराव्या दिवशी सकाळी बैलगाडी पिंपरीला. किसनच्या हाताखाली मोशीचे दोन भाऊबंद येणार होते. हौसाला अक्षरे येत नसल्यामुळे तिने तो कागद भिंतीवर गेरूने उतरवला: करवत, रंधा, खिळा, खोके, झाकण, गाडी. मास्तरांच्या अक्षरापेक्षा तिची चित्रे लवकर कळत होती. किसन गप्प होता. उंच, वाकलेला माणूस. बोलण्याआधी समोरच्याकडे बघून परवानगी घेतल्यासारखे करी.

पाचव्या दिवशी पाटलाचा गडी औत घेऊन आला. फाळाची बाजू निखळली होती. पेरणीला अवकाश होता, पण पाटलाचे औत कधी थांबले नव्हते. ही हकिकत मला हौसाकडून आणि नंतर त्या गड्याकडूनही कळली आणि दोन्ही जुळतात. किसन रंधा ठेवून उठला. हौसा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि गड्याला म्हणाली, “औत ठिवून जा. खोकी गेली की दुसऱ्या दिशी मिळंल.” गडी हसला. मग हसण्यासारखे काही नाही हे त्याच्या लक्षात आले आणि तो औत अंगणात टाकून गेला. संध्याकाळी तो निरोप घेऊन आला: कारखान्याची खोकी आधी आणि गावचे औत मागून, असे असेल तर सुताराने यंदा खळ्यावर येऊ नये.

म्हणजे खोकी वेळेवर गेली नाहीत तर कारखान्याचेही काम नाही आणि गावचे धान्यही नाही. सासऱ्याने त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. किसन बसला आणि रंधू लागला. उठलेला किसन पुन्हा बसला, हे हौसाने मला दोनदा सांगितले.

बाराव्या दिवशी सकाळी मास्तर आणि मी झाकणांचे काम पाहायला गेलो. अंगणात साठ खोकी रांगेने मांडलेली होती. आंब्याच्या ताज्या लाकडाचा वास सुटला होता. काम करणारे कोणी नव्हते. करवत, रंधा, पटाशी धुऊन एका घोंगडीवर ठेवली होती आणि तिच्यावर हळदकुंकू होते. मोशीचे भाऊबंद अंघोळ करून चिंचेखाली बसले होते. बैलही दावणीलाच बांधलेले होते.

मास्तरांनी विचारले, हे काय?

“आज अवस हाय, मास्तर,” सासरा म्हणाला. “अवसंला हत्यार धरत न्हाईत. हत्यारालाबी इसावा लागतो.”

सुतार-लोहारांत अमावास्येला काम बंद असते, हे त्या पंचक्रोशीत पोरासोरांनाही माहीत होते. किसनला माहीत होते. त्याने कागदाकडे पाहिले होते, पण मास्तरांनी केले आहे म्हणजे विचार करूनच केले असेल, असे त्याला वाटले. हौसाने चित्र काढले तेव्हा तिनेही दिवस मोजले नाहीत. चंद्र मोजायचे काम त्या घरात सासऱ्याचे होते आणि सासऱ्याला कोणी विचारले नव्हते. आणि मास्तरांनी चौकोनांतून तिथी हाकलून दिली होती.

मास्तरांनी आधी वाद घातला. एक दिवस. फक्त झाकणे. तुम्ही नको, मी ठोकतो, असेही म्हणाले आणि घोंगडीकडे दोन पावले गेले. हौसा आडवी आली. पाटलाच्या गड्यासमोर उभी राहिली होती तशीच.

“आमची अवस आमी मोडनार न्हाई,” ती म्हणाली. “तुमचा कागद मोडा.”

मास्तर घोंगडीपासून मागे सरले. शेवटी ते खोक्यांच्या रांगेसमोर उभे राहून म्हणाले, “काम बंद पडलं. दिवस मी चुकीचा धरला.” तिसरे वाक्य आले नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे ‘आता काय’ उरले होते आणि ते त्यांच्यापाशी नव्हते.

हौसाने विचारले, “झाकन त्येंना भरायच्या आधी लागतंय का भरल्यावर?”

मग किसन म्हणाला, आणि मला वाटते त्या दिवसातले ते त्याचे पहिलेच वाक्य होते, “भरल्यावर. आधी ठोकलं तर काढावं लागंल.”

“मंग उद्या खोकी जाऊ द्या. भरायला त्येंला दोन दिस लागतील. तवर झाकनं जातील. पन हे आजच जाऊन सांगायचं.”

ती आमच्याबरोबर पिंपरीला आली. पायी. आम्ही सायकली हातात धरून चाललो. कारखान्याच्या गोदामाचे अधिकारी तरुण होते आणि त्यांना हे सगळे ऐकायला वेळ नव्हता. अमावास्या म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग झाकणे भरल्यावरच लागतात हे त्यांना मान्य करावे लागले. तरीही ते म्हणाले, लेखी द्या. हौसाने मास्तरांकडे बोट दाखवले.

“ह्येंनी लिवावं. पन चूक ह्येंची लिवावी, आमची न्हाई.”

मास्तरांनी तिथेच उभ्याने लिहिले. ते पत्र मी पाहिले होते, म्हणून मजकूर देतो: ‘कामाच्या नियोजनात अमावास्या धरली नव्हती. चूक नियोजन करणाऱ्याची आहे, सुताराची नाही. झाकणे परवा पोहोचतील.’ खाली त्यांनी सही केली. ती मी पाहिलेली त्यांची एकमेव सही.

खोकी दुसऱ्या दिवशी गेली, झाकणे तिसऱ्या दिवशी. हौसाने सांगितलेल्या दिवशी पाटलाचे औतही दुरुस्त होऊन गेले. किसनला त्या वर्षी खळ्यावर बोलावणे आले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कारखान्याचे दुसरे काम मात्र आले, आणि नंतर तिसरे. पुढे पाटलाचा गडी स्वतःच्या गाडीचे चाक घेऊन आला आणि त्याने कधी देतोस म्हणून विचारले. गावात हे विचारायची पद्धत तोवर नव्हती.

मास्तरांचे कॅलेंडर तसेच राहिले. आकडे आणि रिकामे चौकोन. फक्त दर महिन्याच्या एका चौकोनात शाईचा काळा ठिपका दिसू लागला. त्याबद्दल ते बोलत नसत. एका नव्या माणसाने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की चिखलीला जाऊन विचार.

दोनेक वर्षांनी आमची चाळ गेली. मालकाने जागा एका नव्या कारखान्याला दिली आणि रविवारी संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा, असे सगळ्यांना सांगितले. मास्तरांकडे सामान फारसे नव्हते. होते ते कागद: आलेल्या प्रत्येक माणसाचे चौकोन, वर्षावर्षांचे. शुक्रवारी ते चिखलीला खोके आणायला गेले. मी बरोबर होतो.

किसन काम करत होता. हाताखाली तीन माणसे होती. भिंतीवर गेरूची नवी चित्रे होती. मास्तर दारात उभे राहिले. किसनने मान वर करून पाहिले, ओळखीचे हसला आणि रंधा चालूच ठेवला.

“बसा मास्तर. हातातलं झालं की बोलतो.”

मास्तर बाहेरच्या फळीवर बसले. किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही, त्यांनी घड्याळ काढले नव्हते. किसन बाहेर आला, त्याने माप विचारून घेतले आणि मंगळवारी मिळेल म्हणाला. मास्तरांनी रविवारची मुदत सांगितली. किसन अवघडला. समोरच्याकडे बघून परवानगी घेण्याची ती जुनी सवय त्याच्या डोळ्यांत परत आल्यासारखी वाटली. आतून हौसाचा आवाज आला.

“भितीवर मंगळवारच्या आधी जागा न्हाई, मास्तर.”

“मग मंगळवार,” मास्तर म्हणाले. परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, “पत्रकार, त्याने रंधा खाली ठेवला नाही, पाहिलंस?”

रविवारी संध्याकाळी आम्ही पाच खोल्या रिकाम्या केल्या. सहावी नाही. सोमवारी सकाळी मुकादम माणसे घेऊन आला आणि कौले उतरवू लागला. मास्तर उंबऱ्याशी खुर्चीत बसले होते. मुकादम चांगला माणूस होता. त्याने बाबा म्हणून विनवले. मास्तरांनी शांतपणे सांगितले की मंगळवारी खोके येईल, कागद भरले जातील, मग मी जाईन. मुकादम म्हणाला, “ठीक आहे, बघू.”

“बघू नाही,” मास्तर म्हणाले. “मंगळवार.”

दुपारी मालक आला. तो मोठ्याने बोलला. नंतर कारखान्याचा माणूस आला, तो इंग्रजीत बोलला. मास्तरांनी दोघांनाही तीन-तीन मिनिटे दिली आणि खटका वाजवला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या डोक्यावरचीही कौले उतरली. खोलीत ऊन पडले होते. माती सदऱ्यावर पडत होती, ती ते झटकत होते. दारात आळीपाळीने माणसे येऊन उभी राहत होती, आणि ते बसून होते.

चाळ सोडल्यावर ते कोठे गेले याबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी माझ्या कानावर आल्या. एकीत आळंदी आहे, दुसरीत नाशिक. दोन्हींची खात्री मला करता आली नाही, म्हणून त्या इथे देत नाही.

मंगळवारी सकाळी किसन स्वतः बैलगाडी घेऊन आला. गाडीत खोके होते आणि वेगळे ठेवलेले झाकण. तो छप्पर नसलेल्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याने भिंती पाहिल्या, मुकादमाची माणसे पाहिली आणि खोके उतरवून आत आणले. मास्तरांनी बसल्या जागेवरून एकेक गठ्ठा उचलून मला दिला, मी तो खोक्यात रचला. सर्वांत शेवटी दारावरची पाटी गेली. किसनने झाकण बसवले आणि चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले.

मग मास्तर उठले.